स्टॉल किती ठेवू

कोईमतूरचा माणूस फोनवर विचारतो, गाडीचं वजन?
मी सांगते, बाराशे ऐंशी, टाकी भरून.
कॅम कुठला, मागचा रेशो किती, टायर किती उंच,
आणि जरा थांबून:
गाडी चालवता कुठे, मॅडम?

याचं उत्तर तीन वर्षं माझ्याकडे तयार होतं.
पहाटे साडेचार, मिहानच्या पलीकडचा रिकामा रस्ता,
दोन्ही बाजूंना न बांधलेले प्लॉट.
डावा पाय ब्रेकवर, उजवा खाली खाली,
काटा चढतो, कॉन्टेसा मागच्या चाकांवर बसते
आणि मी पाय उचलते.

वर्षातून किती वेळा?
चार.
बरं, तीन.

धकाते मिस्त्रींनी कोराडीच्या पॉवरहाऊसात
तेहतीस वर्षं फ्लुइड कपलिंगं खोलली.
वाडीतल्या त्यांच्या शेडमध्ये, मे महिन्यात,
त्यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर मांडले.
एकाची वायर बोर्डात.
दुसऱ्याची मला दाखवली, जादूगार रिकामी बाही दाखवतो तशी.
बटण दाबलं.
दुसरा आधी नुसता थरथरला,
मग नाइलाजानं फिरला,
मग आपल्याच मर्जीनं फिरत असल्यासारखा.
"पहा बाई. दात नाही लागला, दांडा नाही लागला.
मधात नुसती हवा. तुमच्यात तेल."

आणि स्टॉल?
त्यांनी दुसऱ्याच्या पात्यात पेन्सिल घातली.
"हा अडला. आता तो कुठवर चढते, तो स्टॉल.
डब्यावर छापलेला आकडा खरा नसते.
इंजिनात दम असंल तर तोच डबा तीन हजाराले सुटते,
नसंल तर बावीसशेलेच.
आकडा दोघायचा असते."

मला पस्तीसशेचा हवा होता. नऊ इंची.
"घ्या ना. व्हरायटी चौकात सिग्नल सुटंल,
स्कूटीवाली पोट्टी निघून जाईल,
तुमचं इंजिन बोंबलत राहील
अन् गाडी मागून येईल, वरातीतल्या मामासारखी.
ते घसरणं जाते कुठं? तेलात.
इथं कूलरातलं पाणी तापते बाई, तेलाचं काय घेऊन बसल्या!"

मग आठवडाभर वहीत लिहिलं.
सोमवार: घर ते सिव्हिल लाइन्स, अकरा सिग्नल.
मंगळवार: तेच.
बुधवार: तेच, शिवाय पंक्चर.
गुरुवारी लॉ कॉलेज चौकात एक काळी सेदान शेजारी गुरगुरली.
मीही गुरगुरले.
दिवा हिरवा झाला. पुढे पाण्याचा टँकर होता.
शनिवार: सुलभाआत्याला कळमेश्वरला सोडलं.
म्हणाली, तुझी गाडी पाठीला हात लावून ढकलते गं, बरं वाटतं.
रविवार पहाट: गेले नाही. झोप लागली होती.

नोकरीत मी लोकांची बिलं तपासते.
न केलेल्या प्रवासाचा भत्ता
मला कागदाच्या वासावरून कळतो.

कोईमतूरला पुन्हा फोन लावला.
चोवीसशे.
लॉकअप असलेला, म्हणजे वर्धा रोडवर ऐंशीच्या पुढे
दोन्ही पंखे एकमेकांना धरतील, घसरणं बंद.
आणि जाळीमागे बसेल तेवढा मोठा ऑइल कूलर.
तो म्हणाला, हा आकडा सांगताना सगळेच आवाज उतरवतात.
मी उतरवला नव्हता.
उतरवला असेल; शेजारी कूलर चालू होता.

पार्सल आलं. मिस्त्रींनी आत लिटरभर तेल ओतलं,
नारळ पाहावा तसं कानाशी हलवलं,
आणि मानेनंच हो म्हणाले.

दुपारी चारला, बोल्ट आवळता आवळता, मी विचारलं,
सुरतच्या पोरानं विचारलं तर काय सांगू?
गाडीखालून आवाज आला,
"तीन हजार सांगा.
कोण खोलून पाहते."